गोष्ट नव्याने मांडताना

जुनी, गाजलेली चित्रपटमालिका कुणी नव्याने सुरू केली की एक आरोप ठरलेला असतो: नवं काही सुचत नाही, म्हणून जुन्याचाच धंदा. जे. जे. अब्रॅम्स यांच्या 2009 सालच्या ‘स्टार ट्रेक’वरही तो झाला. 1966 ते 1969 या काळातली 79 भागांची दूरचित्रवाणी मालिका, पुढे तिच्या उपमालिका आणि आधीचे 10 चित्रपट यांपैकी काहीच न पाहिलेल्या, घाटनांदूरसारख्या गावी राहणाऱ्या माणसाला अकराव्या चित्रपटातून काय मिळणार? मला भरभरून मिळालं, आणि ते का मिळालं हे नीट तपासावंसं वाटतं.

चित्रपटाची पहिली काही मिनिटं पाहा. शत्रूच्या तडाख्यात सापडलेलं केल्विन हे यान अचानक जॉर्ज कर्कच्या हाती येतं. सगळ्यांना बाहेर काढायचं तर कुणीतरी मागे थांबून यान शत्रूवर आदळायलाच हवं. निसटणाऱ्या छोट्या यानात त्याची बायको बाळंत होते, आणि मरणाआधी त्याला बाळाचं रडणं तेवढं ऐकू येतं. बारा मिनिटांचा हा कप्तान आठशे जीव वाचवून जातो. हे समजायला आधीचं एक अक्षरही ठाऊक असावं लागत नाही. जाणकाराला मात्र इथे वेगळाच धक्का बसतो, कारण त्याच्या ओळखीच्या इतिहासात हा बाप जगलेला असतो. भविष्यातून आलेल्या या शत्रूने, निरोने, काळाला फाटा फोडला आहे. जुनं काही पुसलं गेलेलं नाही, ते दुसऱ्या प्रवाहात घडून गेलं आहे. मूळ मालिकेतल्या लिओनार्ड निमॉयचा वृद्ध स्पॉक त्याचा साक्षीदार म्हणून या नव्या प्रवाहात येऊन उभा राहतो. नवख्याला आत घ्यायचं आणि जुन्याच्या आठवणी खोट्या ठरवायच्या नाहीत, ही दोन्ही कामं एकाच कल्पनेने साधली आहेत.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपतच्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून निघून जाते, आणि पुढचा सगळा हिंदुस्थान बदलतो. चित्रपटातली सर्वांत अवघड गोष्टच मला सर्वांत ओळखीची वाटली ती त्यामुळे.

शिवाय पुनर्कथनाला कमअस्सल मानणं आमच्या अंबाजोगाई तालुक्याला तरी शोभणार नाही. गीतेवरची ज्ञानेश्वरी 1290 सालची. तीनशे वर्षांनी अंबाजोगाईच्या दासोपंतांनी तीच गीता पुन्हा हाती घेतली आणि ‘गीतार्णव’ रचला, तो सव्वा लाख ओव्यांचा म्हणून ओळखला जातो. ज्ञानेश्वरी असताना हा खटाटोप कशाला, असं त्यांना वाटलं नाही. मूळ गोष्ट जेवढी मोठी, तेवढं तिच्यात पुढच्यांना काम उरतं, असं मला वाटतं.

ते काम चुकूही शकतं. 2013 सालच्या पुढच्या चित्रपटात खलनायक आपलं नाव ‘खान’ असल्याचं सांगतो, तेव्हा प्रेक्षकाने दचकावं अशी अपेक्षा आहे. 1967 चा भाग किंवा 1982 चा चित्रपट न पाहिलेला माणूस कशाला दचकेल? तिथे दार नवख्याच्या तोंडावर बंद होतं. (खान नूनियन सिंग हे पात्र मूळ मालिकेत भारतीय वंशाचं आहे. इथे ती भूमिका एका ब्रिटिश नटाला दिली, हेही खुपतंच.)

मूळ मालिकेत विचार होता, नव्यात नुसती धावपळ आहे, ही जुन्या चाहत्यांची तक्रार मला बरीचशी पटते. पण नव्या चित्रपटानेच मला मागे नेलं. 1967 चा ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ हा भाग पाहिला. त्यात एक सज्जन, शांततावादी स्त्री अपघातातून वाचली तर दुसरं महायुद्ध जर्मनी जिंकणार असतं, म्हणून तिच्यावर प्रेम जडलेल्या कप्तान जेम्स कर्कला, म्हणजे जॉर्जच्या मुलाला, तिचं मरण डोळ्यांदेखत होऊ द्यावं लागतं. इतका कठोर प्रश्न नव्या चित्रपटात नाही. तरी तो नसता, तर मी त्या भागापर्यंत पोहोचलोच नसतो.

नारळीकर 20 मे 2025 रोजी गेले. त्यांचं पानिपत आता दुसऱ्या कुणी हाती घ्यावं, आणि ते मराठवाड्यातून सांगावं, असं फार वाटतं. त्यांचे गंगाधरपंत मुंबई पाहतात; इकडचं काय झालं? आमच्या स्टेशनावरून जाणारा लोहमार्ग लातूर रोडहून उदगीरला जातो. तिथे 3 फेब्रुवारी 1760 च्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, दौलताबादसह मोठा मुलूख मिळवला, आणि त्या यशामुळेच उत्तरेची मोहीम त्यांच्याकडे आली. वर्षाच्या आत पानिपत झालं आणि निजामाने पुन्हा उचल खाल्ली. ती गोळी खरोखरच चुकली असती, तर बीड सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलं असतं का? रझाकारांच्या काळात गावं सोडून गेलेली माणसं तेव्हा कुठे असती, कोणत्या भाषेत शिकली असती? ही गोष्ट अजून कुणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.