तीच जीप, तोच माणूस

माणसाने एकदा गाडीचे टायर मोठे करायचे मनावर घेतले, की त्याला तत्त्वज्ञानापासून कोणी वाचवू शकत नाही, असे माझे मत झाले आहे. टायरसारख्या काळ्या, गोल आणि रबरी वस्तूचा तत्त्वज्ञानाशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. तर आमच्या मेव्हण्यांची जीप पाहा.

मेव्हणे कोकणात असतात. ऐंशीच्या दशकातली महिंद्राची फोर-व्हील जीप त्यांना वडिलांकडून वारशाने मिळाली. डोंगरातल्या वाटेवर ती पोटाने टेकायची, म्हणून त्यांनी २८ इंची टायर काढून ३१ इंची घातले. टायर तीन इंचांनी वाढला म्हणजे गाडी तीन इंच उंच झाली, असे कुणालाही वाटेल. पण आस असतो चाकाच्या मध्यावर, त्यामुळे त्याच्या वाट्याला दीडच इंच येतो. (महागाई भत्त्याची घोषणा आणि हातात पडणारी रक्कम यांचेही असेच असते.) शिवाय मीटर ६० दाखवी तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे ६६ने धावे. पुढे वळणावर टायर मडगार्डला घासू लागले, म्हणून कमानपाटे बदलून बॉडी वर उचलली. बॉडी वर गेली तसा स्टिअरिंगचा दांडा तिरपा झाला, आणि चाक खड्ड्यात गेले की जीप स्वतःच्या मताने वळू लागली. म्हणून स्टिअरिंग बदलले. जड चाकांना ब्रेक पुरेनात, म्हणून ब्रेक बदलले. आणि एवढे सगळे झाल्यावर मेव्हणे बोनेटवर थाप मारून म्हणतात, “भावोजी, बाबांची जीप आहे ही!”

आता ही बाबांची कशी?

प्रश्न जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे आस का, चाके का, की जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी ठरते, की या सगळ्या भागांच्या जुळणीला ‘रथ’ म्हणायचे, इतकेच. थीसिअसच्या जहाजाच्या फळ्या बदलत गेल्या तेव्हा जहाज तेच राहिले का, यावर ग्रीकांनीही वाद घातल्याचे प्लूटार्कने लिहून ठेवले आहे.

सरकारला एवढा वेळ नसतो. चेसिस नंबर तोच, म्हणजे गाडी तीच. मात्र नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी गाडी जुळेनाशी होईल असा बदल करू नये, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. मेव्हणे हल्ली आर.टी.ओ.चा माणूस दिसला की वाट बदलतात. नव्या स्टिअरिंगचा तेवढा उपयोग होतो.

आमच्या बँकेत दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. एका आजोबांचे दोन्ही गुडघे नवे, डोळ्यांतली भिंगे नवी, दात नवे. मूळ कंपनीचे असे फार थोडे उरलेले. सही तर नमुन्याच्या सहीला ओळखही दाखवत नाही. तरी आपण कधीकाळी कुणाला जामीन राहिलो होतो हे आठवले, तर आजोबा “तो माणूस वेगळा होता” असे म्हणून हात झटकत नाहीत. तेव्हा बी.कॉम.च्या तत्त्वज्ञानात उत्तर सोपे आहे. जुनी देणी ज्याला लागू, तो तोच.

मग जीपचे देणे कोणते? मेव्हण्यांचे वडील भर पावसात वाडीतली आजारी माणसे, अडलेल्या बायका त्या जीपमधून तालुक्याला नेत. आता जीप कुठलाही ओढा पार करते. फक्त आजारी माणसाला तिच्यात चढता येत नाही. सासूबाईंनी एकदा पाय उचलून पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, “ही ह्यांची गाडी नव्हे.”

नागसेनालाही एवढ्या थोडक्यात जमले नव्हते.

मेव्हणे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराखाली एक लोखंडी पायरी वेल्ड करून घेतली. मूळ गाडीला ती नव्हती, म्हणजे बदलांत आणखी एकाची भर पडली. पण माझ्या खतावणीत जीप त्या दिवशी पुन्हा बाबांच्या नावावर जमा झाली. बढती, फ्लॅट, मोठी गाडी यांनी आपणही वरवर जात असतो. पायरी लावायचे मात्र आपल्या फारसे लक्षात राहत नाही.

सासूबाई आता जीपमध्ये चढतात. उतरताना कुरकुर करतात. पण त्यावरून त्या त्याच सासूबाई आहेत, एवढी तरी खात्री पटते.