पाचवीच्या मुलाकडून काय मागावे?

पाचवी म्हणजे प्राथमिक शिक्षणाचे शेवटचे वर्ष. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून या इयत्तेला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. नापास झाल्यास फेरपरीक्षा, तीही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहते. साहजिकच घरोघरी ऐकू येते, 'तुझ्यासाठी आम्ही एवढे कष्ट करतो!'

पालकहो, हे खरेच आहे. पण दहा वर्षांच्या मुलाला ते कर्जासारखे वाटते. मग पेपर वाईट गेला की ते लपवू लागते. गुण फेरपरीक्षेत भरून निघतील. घरी खरे सांगण्याची मोडलेली सवय तशी भरून निघत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू तीन दिवसांनी मंदिरात सापडतो. पवित्र मरिया आपले दुःख त्याला स्पष्ट सांगते. (आईच ती!) त्याचे उत्तर तिला आणि योसेफला कळत नाही. तरीही तो त्यांच्याबरोबर नाझरेथला जातो, त्यांच्या आज्ञेत राहतो, आणि ती सारे अंतःकरणात जपते. आपली मुलेही आता न कळणारी उत्तरे देऊ लागतील. अभ्यास जरूर मागावा, पण झोप, खेळ आणि रविवारची मिस्सा यांना हात न लावता. निकालाच्या दिवशी मात्र आधी जेवायला वाढावे, गुणपत्रिका नंतर पाहावी.