निरगाठ की सुरगाठ?

मराठीत ‘गाठ’ या शब्दाचा संसार मोठा आहे. दोन माणसे भेटली की त्यांची गाठ पडते, लग्नात शेल्याउपरण्याची गाठ मारतात, विसरू नये म्हणून मनाशी खूणगाठ बांधतात, आणि चार पैसे जवळ असले की ते गाठीला आहेत असे म्हणतात. गाठीतही आपण दोन जाती मानल्या. ओढली की सुटते ती सुरगाठ, आणि ओढावी तितकी घट्ट होत जाते ती निरगाठ. परकराची नाडी बांधू लागलेल्या मुलीलाही हा भेद कळतो. डॉक्टरांच्या तोंडून हा शब्द आला म्हणजे मात्र शहाणीसुरती माणसे तो भेद विसरतात. घरात क्षणभर सारे गप्प होतात, आणि मग कोणीतरी म्हणते, “काढून टाका.”

फराळाचे ताट पुढे असताना दुखण्याचा विषय काढणे बरे नव्हे, हे मी जाणतो. परंतु दिवाळीत चार घरची माणसे एकत्र येतात, आणि असले प्रश्न बहुधा अशा एकत्र बसलेल्या माणसांतच सुटतात किंवा बिघडतात. म्हणून थोडी सवलत मागून घेतो.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या किंचित खाली, फुलपाखरासारखी एक लहान ग्रंथी असते. तिला थायरॉईड म्हणतात. शरीराचा चुलाणा मंद ठेवायचा की प्रखर, हे ती ठरवते. तिचे दुखणे नवे नाही. गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. हिमालयाच्या पायथ्याशी आणि इकडे सातपुड्याच्या भागात मातीपाण्यात आयोडीन कमी, म्हणून गळ्याशी आवाळू घेऊन जगणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या दिसत. १९६२ साली सरकारने गलगंडाविरुद्ध देशव्यापी मोहीम काढली आणि आयोडीनयुक्त मीठ हळूहळू घरोघर पोचले.

ती गाठ साऱ्या गावाला दिसे. आज पुण्यातल्या पेठांपासून कोथरूडपर्यंत ज्या गाठीची चर्चा चालते, ती कोणालाच दिसत नाही. ती यंत्राला दिसते. नुसत्या बोटांनी चाचपून पाहिले तर शंभरात चारपाच माणसांच्या गळ्यात गाठ लागते. सोनोग्राफी करू गेले तर पन्नाशी उलटलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत ती सापडते, आणि पुरुषांपेक्षा बायकांत पुष्कळ अधिक. अशा शंभर गाठींपैकी सुमारे नव्वद निरुपद्रवी असतात. संशय आला तर बारीक सुईने चार पेशी काढून तपासतात आणि त्यांना सहांपैकी एका वर्गात घालतात. अमेरिकेतल्या बेथेस्डा या गावी २००७ साली भरलेल्या परिषदेवरून त्या वर्गवारीला नाव पडले. दुसरा वर्ग म्हणजे निर्धास्त राहा. सहावा म्हणजे कर्करोग. माणसाची खरी परीक्षा पाहतो तो तिसरा वर्ग. त्याचा अर्थ एवढाच की, सांगता येत नाही.

माझ्या वहिनींच्या कागदावर हा तिसरा वर्ग आला. वहिनींचे वय एकसष्ट. नारायण पेठेतल्या घरी त्या गेली तीस वर्षे मुलींना गाणे शिकवतात. मान दुखते म्हणून केलेल्या तपासणीत गाठ निघाली, ती दीड सेंटिमीटरची. नवरात्र नुकतेच संपले होते. आम्ही सारे जमलो. दादा म्हणाला, “गाठ ती गाठ. घरात साप निघाला तर तो बिनविषारी आहे का, हे का आपण विचारत बसतो?” परदेशातल्या पुतण्याने फोनवरून टक्केवारी सांगितली. एका आत्याबाईंनी कोणा ओळखीच्यांची भयंकर हकीकत सांगितली. दुसऱ्या एकाने, अमुक वैद्यांची पुडी घेऊन गाठ विरघळते, अशी ग्वाही दिली. सल्ल्याची उणीव पुण्यात कधीच पडत नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, इतका वेळ सगळे माझ्या गळ्याविषयी बोलताहेत. पण तो गळा घेऊन मी इथेच आहे. मला कोणी काही विचारलेत का?”

नीतीचा सारा प्रश्न मला या वाक्यात दिसतो. ग्रंथीच्या अगदी मागून स्वरयंत्राकडे जाणारा मज्जातंतू जातो; वरच्या स्वरांना लागणारा दुसरा एक बारीक तंतू तिच्या माथ्याशी असतो. निष्णात हातांतही शंभरात एखाद्याला कायमची इजा होते. दादाच्या दृष्टीने ‘शंभरात एक’ म्हणजे काहीच नव्हे. त्याला बँकेच्या व्यवहारापुरता आवाज असला की झाले. वहिनींचा तार षड्ज गेला तर मात्र आयुष्यातले बरेच काही जाणार होते. अर्धी ग्रंथी काढली तर काहींना आणि पुरी काढली तर सर्वांनाच रोज सकाळी अनशापोटी गोळी घ्यावी लागते, जन्मभर. आकडा सर्वांना एकच. त्याचे वजन मात्र ज्याच्या त्याच्या तराजूत निराळे भरते, आणि तो तराजू दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.

“पण कर्करोग असला तर?” हा दादाचा प्रश्न काही मूर्खपणाचा नव्हता. प्रेमाच्या माणसाला धोका दिसला की हात आपोआप पुढे जातो. परंतु इथे जगाचा अनुभव विचारात घेतला पाहिजे. फिनलंडमध्ये १९८५ साली १०१ शवांच्या थायरॉईड बारकाईने तपासल्या, तेव्हा ३६ जणांत कर्करोगाचे सूक्ष्म ठिपके सापडले. जिवंतपणी त्यांचा त्रास झाला नव्हता. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफी सुरू झाली आणि १९९३ च्या मानाने २०११ मध्ये या कर्करोगाचे निदान पंधरापट झाले. हजारोंच्या ग्रंथी काढल्या. पण या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ होते तिथेच राहिले. उलट जपानात कोबे येथील कुमा रुग्णालयात १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या, निश्चित कर्करोग ठरलेल्या गाठीही रुग्णाच्या संमतीने नुसत्या नजरेखाली ठेवू लागले. २०१४ साली त्यांनी १२३५ रुग्णांचा हिशेब दिला. दहा वर्षांत शंभरातील आठांची गाठ वाढली. त्या कर्करोगाने दगावले कोणीच नाही.

मोठ्या शल्यवैद्यांनाही हात आवरता घ्यावा लागला आहे. स्वित्झर्लंडमधील थिओडोर कोखर हे या ग्रंथीच्या शस्त्रक्रियेचे जनक. त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासले आणि १८८३ साली जाहीर केले की, ज्यांची ग्रंथी आपण समूळ काढली ती माणसे मंद झाली आहेत, सुजली आहेत. तेव्हापासून साध्या गलगंडात समूळ छेद त्यांनी सोडून दिला. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकापेक्षाही रुग्णांना परत बोलावण्याची त्यांची बुद्धी मला थोर वाटते.

मग थांबणे हाच धर्म का? तसे मुळीच नाही. गाठ झपाट्याने वाढू लागली, दगडासारखी कठीण झाली, आवाज बसला, घास अडकू लागला, बाजूला अवधाण आले, तर दिवस मोजत बसणे हा अपराधच. आणि वाट पाहणे म्हणजे विसरून जाणे नव्हे. ठरल्या दिवशी पुन्हा तपासणीला जाण्याची शिस्त त्यात आहे. शिवाय माणसाचे मन ही काही कमी महत्त्वाची वस्तू नाही. माझ्या एका मित्राची गाठ अशीच तिसऱ्या वर्गातली होती. रात्र रात्र त्याला झोप येईना. त्याने अर्धी ग्रंथी काढवली. ती निरुपद्रवी ठरली. लोक म्हणाले, उगाच कापून घेतलेस. तो म्हणाला, “मी गाठ काढली नाही, धास्ती काढली.” त्याचेही चुकले असे मला म्हणवत नाही.

कायद्यानेही हळूहळू हीच वाट धरली. पुण्यातल्या एका शल्यवैद्याविरुद्धच्या, १९५३ साली घडलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरांची कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्ही ठिकाणी काळजी घेतली पाहिजे. त्यात निर्णय डॉक्टरांचा होता. पुढे २००८ सालच्या एका निकालात त्याच न्यायालयाने म्हटले की, धोके, पर्याय आणि उपचार नाकारल्यास काय होईल हे रुग्णाला सांगितले पाहिजे, आणि संमती त्याचीच हवी. त्या प्रकरणात मुलगी गुंगीत असताना आईची संमती घेतली होती. सज्ञान मुलीच्या बाबतीत ती चालणार नाही, असे ठरले. आईची चालत नाही, तिथे दिराची आणि आत्याबाईंची काय कथा!

टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या गीतारहस्यात ‘कर्मजिज्ञासा’ नावाचे प्रकरण आहे. दोन कर्तव्ये एकमेकांवर आदळली की भल्याभल्यांचीही मती कशी गुंग होते, हे त्यात सांगितले आहे. आणि कर्माची किंमत नुसत्या बाह्य फळावरून न ठरवता कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी, हा त्या ग्रंथाचा एक मुख्य सिद्धान्त आहे. तिसऱ्या वर्गाच्या गाठीला हा सिद्धान्त नेमका लागू पडतो. माहिती पुरी घेतली, भीतीला तिच्या जागी बसवले, ज्याचा देह त्याला विचारले, तर निर्णय त्याच दिवशी योग्य ठरला. पुढचे फळ त्याला योग्य किंवा अयोग्य करू शकत नाही.

वहिनींनी डॉक्टरांशी तासभर बोलून ठरवले की, काही महिन्यांनी पुन्हा सुई घालून पाहायची आणि तोवर गाणे चालू ठेवायचे. दादाला ते आवडले नाही. तरी तपासणीची तारीख त्यानेच भिंतीवरच्या कॅलेंडरात तांबड्या शाईने लिहिली. दुसऱ्या तपासणीत काय निघाले, असे मला पुष्कळजण विचारतात. ते मी इथे सांगत नाही. चांगले निघाले म्हटले तर वाचक वहिनींना धोरणी म्हणतील, वाईट निघाले म्हटले तर हट्टी म्हणतील; आणि ज्या दिवशी त्यांनी ठरवले, त्या दिवशी हे दोन्ही कोणाला ठाऊक नव्हते.