शेजाऱ्याचें देणें

शास्त्रपाठ : लेवीय, अध्याय १९



गेल्या पावसाळ्यापूर्वीं आम्हीं घराचीं कौलें शाकारून घेतलीं. काम शनिवारीं संध्याकाळीं संपलें. गड्यानें मजुरी मागितली, तेव्हां आम्ही म्हणालों, "उद्यांचें प्रवचन तयार करावयाचें आहे, सोमवारीं ये." दुसऱ्या दिवशीं तो उपासनेस आला व दाराजवळ बसला. त्या दिवशींचा शास्त्रपाठ हाच होता. तेरावें वचन वाचतांना आमची जीभ अडखळली. कारण मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवूं नये, अशी तेथें आज्ञा आहे.

हा अध्याय यहूदी लोकांच्या नीतिशिक्षणाचा गाभा आहे. आरंभीं परमेश्वर इस्राएलास पवित्र होण्याची आज्ञा करितो. मग पवित्रता ती कशांत? यज्ञाचे थोडे नियम तेथें आहेत खरे. परंतु त्यांच्याच पंगतीस शेताचे कोपरे, खालीं पडलेलीं कणसें, मजुराची मजुरी, खरा ताजवा व खरीं मापें हीं बसविलीं आहेत. बहिऱ्यास शाप देऊं नये व आंधळ्याच्या वाटेंत अडखळण ठेवूं नये. कारण त्यानें पाहिलें नाहीं तरी देव पाहतो. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीति करावी, ही आज्ञाही येथेंच आहे.

शेताच्या कोपऱ्याचें पाहा. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना नामक ग्रंथांत रब्बींनीं ठरविलें कीं, गरिबांसाठीं राखावयाचा भाग पिकाच्या साठाव्या हिश्श्याहून कमी नसावा. तो अमक्यालाच मिळावा असें ठरविण्याचा अधिकार धन्यास नव्हता. दानास यहूदी लोक 'त्सेदाका' म्हणतात. ह्या इब्री शब्दाचें मूळ न्याय ह्या अर्थाच्या शब्दांत आहे. म्हणजे गरीब येतो तो भिक्षा मागावयास नव्हे, आपला वांटा घ्यावयास.

विसाव्याचेंही तसेंच. शब्बाथाच्या दिवशीं धन्याबरोबर दासदासी, परदेशी, बैल व गाढव ह्यांनाही विसांवा असावा, असें अनुवादांत सांगितलें आहे. आपल्या कोंकणांत बेने इस्राएल लोक पूर्वीं तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं ते बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. व्याख्यानावांचूनच गांवास त्यांचा धर्म कळला.

परंतु देणें राहिलें असेल, तर उपास व प्रार्थना करून तें फिटेल काय? तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशीं यहूदी लोक प्रायश्चित्ताचा दिवस पाळतात; सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत अन्नपाणी घेत नाहींत. त्याविषयीं मिश्नांत शिक्षण आहे कीं, मनुष्यानें देवाविरुद्ध केलेल्या पापांची ह्या दिवशीं क्षमा होते. परंतु शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या अपराधाची क्षमा, शेजाऱ्याची समजूत घातल्यावांचून होत नाहीं. इ.स. १२०४ त निवर्तलेले थोर पंडित मोशे मैमोनिदीस ह्यांनीं ह्याची रीतही लिहून ठेविली. शेजारी राजी होईना, तर तीन मित्र बरोबर घेऊन पुनः जावें. असें तीनदां करावें. तो मेला असेल, तर दहा जण घेऊन त्याच्या कबरेपाशीं आपला अपराध कबूल करावा व पैसा देणें असेल तो त्याच्या वारसांस द्यावा. मरणानेंही देणें बुडत नाहीं!

आपला प्रभु येशू ह्याच लोकांत जन्मला व ह्याच शास्त्रांत वाढला. अर्पण वेदीपाशीं ठेवून आधीं भावाशीं समेट करावा, असें त्यानेंही शिकविलें.

उपासना संपतांच आम्हीं घरून पैसे आणिले, मंडळीच्या दारांतच त्या गड्याच्या हातीं दिले व क्षमा मागितली. तो म्हणाला, "असूं द्या, पाळकसाहेब. काल रात्रीं घरांत पीठ नव्हतें, एवढेंच."

बंधूंनो, तें "एवढेंच" आम्ही अद्याप विसरलों नाहीं. प्रभुभोजनास येण्यापूर्वीं आपण प्रत्येकानें घरांत पाहावें : कोणाची मजुरी, कोणाचें उसनें धान्य, कोणाच्या बांधाची वीतभर जमीन आपणांपाशीं राहिली आहे काय? असेल तर सूर्य मावळण्यापूर्वीं ती पोंचती करावी. परमेश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो. आमेन.