टेबल तुझ्या मापाचं घे

चि. मृणाल,

तू पाठवलेलं कोटेशन सावकाश वाचलं. सागवानी द्रोणी, वाफेची पेटी, शिरोधारेचा नक्षीदार स्टँड, मसाज गन, गरम दगडांचा संच, सगळं तपशीलवार आहे. आणि टेबलासमोर फक्त ‘मसाज टेबल, एक नग’. दुकानदार हुशार दिसतो.

मला विचारशील तर या कामात सामान आधी मालिश करणारीच्या अंगाच्या मापाचं घ्यावं. येणाऱ्याच्या डोळ्यांत भरणारं नंतर बघू. पंचकर्म विभागात हातात जादू असलेल्या मुली अंगठा आणि कंबर गेली म्हणून काम सोडताना मी पाहिल्या आहेत. तेलाची वाटी साधी होती म्हणून कोणी गेली नाही.

म्हणून पहिलं टेबल. कामावर घालतेस त्याच चपला घालून ताठ उभी राहा, हात सैल सोड आणि मूठ वळ. मुठीची हाडं जिथे टेकतील तेवढी टेबलाची उंची. तुझ्या सव्वापाच फुटांना ती 27 इंचांच्या आसपास येईल. सुताराला नुसतं ‘टेबल’ म्हणालीस तर तो सवयीने जेवणाच्या टेबलासारखं 30 इंची करून देईल. त्यावर दिवसभर तुझे खांदे उचललेले राहतील, आणि अंगाचं वजन टाकून द्यायचा दाब तू दंडाच्या जोरावर देत बसशील. जाडजूड माणूस पालथा झोपला की काम करायची पातळी आणखी वर चढते, तेव्हा पाय कमी-जास्त करता येणारं टेबल मिळालं तर दोन पैसे जास्त दे. रुंदी 28 इंच पुरे. फार रुंद घेतलंस तर पलीकडच्या खांद्यापर्यंत पोचायला तुला कमरेतून वाकावं लागेल.

वजनाचा आकडा बघताना फसू नकोस. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात ते निश्चल ठेवलेलं वजन. तू वरून रेटत असताना टेबल किती पेलतं, म्हणजे वर्किंग लोड, तो वेगळा विचार. घडीचं टेबल असेल तर खालच्या तारा आणि स्क्रू रोज सकाळी हाताने चाचपून बघ. रेक्झिन स्पिरिटने पुसू नकोस, कडक होऊन तडकतं. साबणाचं कोमट पाणी, मग कोरडं फडकं. तोंड ठेवायची जागा मात्र प्रत्येकानंतर धुतलेल्या कापडाने झाकायची, तिथे काटकसर नको. उताणं झोपवलंस तर गुडघ्यांखाली लोड, पालथं झोपवलंस तर घोट्यांखाली. हे लोड घरीच शिवून होतात.

द्रोणी सध्या नको. सर्वांगधारा करणार असशील तरच तिचा उपयोग, नुसत्या अभ्यंगाला टेबल पुरतं. लाकडी द्रोणी अवजड असते, आणि तेलाने माखलेल्या सत्तरीच्या आजींना तिच्यातून उतरवताना तुझा जीव टांगणीला लागतो. शिरोधारेला नक्षी काय करायची आहे? भांडं कपाळापासून चार बोटं वर राहतं, आणि त्यात लिटर-दीड लिटर तेल माणसाच्या डोळ्यांवर लटकत असतं. तेव्हा स्टँडचा पाया किती जड आहे आणि स्क्रू घसरतो का, एवढंच दुकानात हलवून बघ.

तेल कधीही थेट गॅसवर ठेवू नकोस. गरम पाण्यात वाटी ठेवून तापव आणि दर वेळी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघ. शेकायची पोटलीही आधी आपल्याच हाताला लाव. जुन्या मधुमेहींच्या पायांना कधी कधी चटका कळत नाही, ते ‘बरं वाटतंय’ म्हणत राहतात आणि कातडी भाजलेली असते.

आता जे कोणत्याच कोटेशनमध्ये नसतं ते. तेलकट पंचे. तिळाचं तेल कापडात राहिलं की हवेशी संयोग होऊन हळूहळू उष्णता तयार होते. पसरलेल्या पंच्यातून ती निघून जाते. पण ड्रायरमधून गरमागरम काढलेले, तेल पुरतं न गेलेले पंचे घडी घालून कपाटात रचलेस, तर आत कोंडलेल्या उष्णतेने ते आपोआप पेट घेऊ शकतात. काडी नाही, ठिणगी नाही. झाकणाचा पत्र्याचा डबा घे, वापरलेले पंचे त्यात टाक आणि त्याच दिवशी कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून धू. वाळत घालायचे उन्हात. धुऊनही खवट वास मारतो तो पंचा बाद. पंचे दोन डझन तरी लागतील, द्रोणीच्या पैशांत सहज येतात.

वाफेची पेटी घे, पण आधी वायरमनकडून 15 अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग आणि झटका लागताच वीज तोडणारा स्विच बसवून घे. तुमच्याकडे बोअरचं पाणी, म्हणजे क्षार धरणारच, अधूनमधून व्हिनेगर घालून भांडं साफ करावं लागेल. पेटीतून निघालेला माणूस ओल्या तेलकट पायांनी फरशीवर उतरतो, तिथे रबरी मॅट हवीच.

मसाज गनचं तुझ्या मनात फार आहे, तर पुढच्या वर्षी घे. अंगठ्याला आराम देते हे खरं. गळ्याच्या पुढच्या बाजूला, हाडावर, फुगलेल्या शिरांवर ती लावायची नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर गनही नको नि हातही नको, सरळ दवाखान्यात पाठव. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

गाळा पहिल्या मजल्यावर आहे म्हणालीस. लिफ्ट आहे का? नसेल तर जिन्याच्या वळणाची रुंदी मोजून कळव, सुताराला पाय सुटे होणारं टेबल सांगावं लागेल. दादाला मोजायला लावू नकोस, तो अंदाजपंचे सांगतो.

तुझी
आत्या