आरंभ कोठे?

गुन्ह्याची तयारी कोठे संपते आणि प्रयत्न कोठे सुरू होतो, यावर आम्ही वकील दिवसचे दिवस वाद घालतो. बास्केटबॉलचा पंच तसाच निर्णय निमिषार्धात देतो. प्रतिस्पर्ध्याचा धक्का बसला तेव्हा खेळाडू चेंडू टोपलीकडे वर नेऊ लागला होता, असे पंचास वाटले, तर फेक चुकली तरी दोन किंवा तीन मुक्त फेकी मिळतात. मन दिसत नाही. हेतू हाताच्या गतीवरूनच ओळखावयाचा. तेव्हा चतुर खेळाडू हेतूचेच सोंग आणू लागले: प्रतिस्पर्ध्याच्या पसरलेल्या हातात आपले हात अडकवून चेंडू वर झटकावयाचा! अमेरिकेतील एन.बी.ए.ने २०११ साली या झटक्यास फेकीचा आरंभ मानणे सोडले. २०२१ पासून अस्वाभाविक हालचालीने धक्का ओढवून घेणारा प्रसंगी स्वतःच दोषी ठरतो. ठीकच झाले. मात्र ज्याची फेकच मुळात विचित्र, अशा सरळ मनाच्या खेळाडूने आपला हेतू कसा शाबीत करावा?