क्लिक कुठे थांबतो

स्वस्थ बसा. हात माउसवर सैल असू द्या.

समोर क्यूटी (Qt) फ्रेमवर्कमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमची एक विंडो आहे. विंडोत पॅनेल. पॅनेलमध्ये एक बटण, एक लेबल.

क्लिक झाला की रंग बदलायचा, असं पॅनेलला सांगून ठेवलंय.

बटणावर क्लिक करा. पॅनेलचा रंग बदलत नाही.

कोडला अजून हात लावू नका. एक श्वास घ्या. नुसतं बघा.

कर्सरच्या टोकाकडे बघा. त्या टोकाखाली, सगळ्यात आत, काय आहे?

बटण आहे. क्लिकचा इव्हेंट आधी त्याच्याकडे येतो. बटण तो स्वीकारतं. तो तिथेच थांबतो.

हरवलेलं काहीच नाही. ज्याला मिळायचं होतं त्याच्याआधी दुसऱ्याला मिळालं, इतकंच.

इथे जरा थांबा. श्वास सोडा.

आता कळमनुरी तालुक्यातून वाहणारी कयाधू नदी डोळ्यांसमोर आणा. तिचं पाणी पैनगंगेला मिळतं. पैनगंगेचं वर्धेला. पुढे प्राणहितेतून ते गोदावरीत जातं. वाटेत कुणी अडवलं नाही, तर पाणी आपसूक पुढे सरकतं.

त्या पाण्यासोबत थोडं चाला. घाई नाही.

मग लेबलवर क्लिक करा. साधं लेबल इव्हेंट अडवत नाही. ते त्याला ‘इग्नोर’ करतं, आणि इव्हेंट पॅनेलकडे जातो.

रंग बदलतो. बघा.

आता काही दाबू नका. माउस फक्त हलवा. हळू.

पॅनेलच्या मोकळ्या जागेत प्रत्येक हालचाल कळते, कारण पॅनेलचं माउस ट्रॅकिंग चालू केलेलं आहे. कर्सर लेबलवर येतो. सगळं गप्प होतं.

त्या गप्प होण्याकडे लक्ष द्या.

लेबलचं ट्रॅकिंग मुळात बंद असतं. पॅनेलचं चालू केलं म्हणून आतल्यांचं चालू होत नाही. ज्याला त्याला वेगळं सांगावं लागतं.

पुन्हा एक श्वास. आता एकाच बिंदूवर थांबा.

लेबल पॅनेलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ४० पिक्सेल उजवीकडे, ३० खाली आहे. कर्सर लेबलच्या कोपऱ्यापासून ५ उजवीकडे, ८ खाली.

बिंदू एकच. लेबलसाठी तो (५, ८). पॅनेलसाठी (४५, ३८).

दोन्ही आकडे खरे आहेत. आकडा हाती आला की आधी विचारा, हा कुणाच्या कोपऱ्यापासून मोजलाय?

आता आतल्या प्रत्येक विजेटपाशी, म्हणजे लेबल आणि बटणापाशी, क्षणभर थांबा. विचारा, या स्पर्शाची तुला गरज आहे का?

उत्तर येऊ द्या.

लेबल नुसता मजकूर दाखवतं. त्याला गरज नाही. त्याला माउस इव्हेंटसाठी पारदर्शक करा. क्लिक आणि हालचाल, दोन्ही थेट पॅनेलला मिळतील.

बटणाला गरज आहे. त्याला पारदर्शक केलं, तर ते दाबलंच जाणार नाही. त्याचं त्याला मिळू द्या.

बटणावर पॅनेलचा इव्हेंट फिल्टर बसवा. पॅनेल इव्हेंट आधी बघेल, रंग बदलेल. मग फिल्टरमधून ‘फॉल्स’ परत करा, म्हणजे तोच इव्हेंट पुढे बटणालाही मिळेल.